राजा वॉर्सात, पण खरं राजकारण गावच्या चर्चमध्ये: पोलंडच्या श्लाख्तांची गोष्ट

पोझनानपासून जवळच श्रोदा नावाचं एक लहान गाव आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात वर्षातून काही ठरावीक दिवशी या गावात एकदम गर्दी उसळायची. घोडे, गाड्या, नोकरचाकर, कमरेला वाकडी तलवार लटकवलेले मोठ्या मिशांचे लोक, आणि सगळे चर्चकडे निघालेले. प्रार्थनेला नाही हं, मीटिंगला! एवढी माणसं मावतील अशी छपराखालची जागा गावात तेवढी एकच, म्हणून मीटिंग तिथे. राजाला लढाईसाठी पैसे हवेत, ते द्यायचे का, द्यायचे तर किती, आपल्या भागातर्फे वॉर्साला कोण जाणार आणि तिथे जाऊन त्यानं नेमकं काय बोलायचं, हे सगळं त्या चर्चमध्ये ठरायचं. कधी शांतपणे, कधी आरडाओरडा करून, आणि कधी तलवारी उपसून.

या मीटिंगला सेय्मिक म्हणायचे. सेय्म म्हणजे संसद आणि सेय्मिक म्हणजे छोटी संसद, आपण वाटी-वाटुकली म्हणतो ना तसंच. अख्ख्या पोलंड-लिथुआनियात (त्या काळी हे दोन्ही देश मिळून एकच राज्य होतं) अशा साधारण सत्तर सेय्मिक होत्या. क्राकोवच्या भागाची प्रोशोवित्सेला भरायची, सिएराझची शादेकला, आणि आज युक्रेनमध्ये असलेल्या ल्वीवच्या भागाची सोन्दोवा विश्नियाला. नकाशावर शोधलीत तर बहुतेक अगदीच किरकोळ गावं निघतील, पण माझं मत विचाराल तर पोलंडचं राजकारण समजून घ्यायला वॉर्सापेक्षा ही गावं जास्त कामाची आहेत.

आता हे जमणारे लोक कोण? त्यांना म्हणायचे श्लाख्ता. मराठीत सरदार म्हणावं तर डोळ्यासमोर वाडा-हत्ती-पालखी येते, आणि तिथेच गडबड होते, कारण यातल्या कितीतरी लोकांकडे धड एक शेतसुद्धा नव्हतं. फ्रान्समध्ये त्या काळी शंभरातले एखाद-दोन लोक उमराव असायचे, पोलंड-लिथुआनियात सहा ते दहा! आणि वॉर्साच्या आजूबाजूचा जो माझोव्हिया प्रांत आहे तिथे तर पाचातला एक. आता पाचातला एक माणूस 'उमराव' म्हटल्यावर त्यातले बरेचसे स्वतःच नांगर धरणारे असणार हे उघडच आहे. तिथे आजही एकाच नावाची ओळीनं गावं दिसतात, मूळ नाव तेच आणि मागे जोडलेलं एक टोपणनाव. दोम्ब्रोवा-जेन्च्योल म्हणजे सुतारपक्ष्यांची दोम्ब्रोवा, दोम्ब्रोवा-विल्की म्हणजे लांडग्यांची दोम्ब्रोवा. अख्खं गाव एकमेकांचं चुलत-मावस, सगळे श्लाख्ता, आणि प्रत्येकाकडे जमिनीचा एक तुकडा.

श्रीमंत श्लाख्ता किरमिजी रंगाचं भारी कापड घालायचे म्हणून त्यांना 'कार्माझिन' म्हणायचे, आणि गरीब बिचारे घरच्या जाड्याभरड्या करड्या कापडात, म्हणून ते 'शाराचेक', म्हणजे करडे. कपड्यावरून पत लगेच कळायची, पण कायद्यापुढे दोघं सारखे. एक म्हण होती, 'श्लाख्चित्स ना झाग्रोद्झ्ये रुव्ह्नी वोयेवोद्झ्ये', म्हणजे आपल्या तुकडाभर जमिनीवरचा श्लाख्ता सुभेदाराच्या बरोबरीचा. एकमेकांना हाक मारताना 'पान्ये ब्राच्ये', म्हणजे दादासाहेब किंवा भाऊराया म्हणा, असंच म्हणायचे, मग समोरच्याकडे शंभर गावं का असेनात.

ही बरोबरी आकाशातून पडली नव्हती, प्रत्येक वेळी राजाची नड बघून वसूल केलेली होती. १३७४ साली राजा लुईला मुलगा नव्हता आणि मुलीला गादी मिळावी असं वाटत होतं, तर यांनी कोशित्सेला त्याच्याकडून कर कमी करून घेतला, जमिनीच्या एका मापाला फक्त दोन ग्रोश (तेव्हाची नाणी). पुढे असं ठरलं की कोर्टाचा निकाल असल्याशिवाय श्लाख्ताला अटक करायची नाही. आणि १४५४ चा किस्सा तर मला सगळ्यात आवडतो. राजा काझिमिएझ चौथा ट्युटॉनिक नाइट्सशी (जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाशी) लढायला निघाला, पश्चिमेकडच्या विएल्कोपोल्स्का भागातले श्लाख्ता त्सेरेक्वित्साजवळ तळ ठोकून बसले आणि म्हणाले, आधी आमच्या मागण्या मान्य करा, मगच पुढे पाऊल टाकू. राजानं नाइलाजानं मान्य केल्या, मग हे पुढे गेले आणि होयनित्सेच्या लढाईत सपशेल मार खाऊन परत आले! पण मागण्या मान्य झाल्या त्या झाल्याच. दोन महिन्यांनी न्येशावा इथे राजानं वेगवेगळ्या प्रांतांना वेगवेगळी सनद दिली की सेय्मिकना विचारल्याशिवाय मी सगळ्या श्लाख्तांना लढाईला बोलावणार नाही. नवीन कायद्यांचंही तसंच. म्हणजे सेय्मिकची ताकद खऱ्या अर्थानं सुरू झाली ती इथून, आणि सनदा दिल्या त्या प्रांतागणिक, 'देशाला' म्हणून नाही, हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१५०५ ला रादोमच्या सेय्ममध्ये पुढची पायरी. सिनेट (बडे अधिकारी आणि बिशप यांची सभा) आणि प्रांतांचे प्रतिनिधी या दोघांच्या संमतीशिवाय राजानं नवीन काही करायचं नाही. लॅटिनमध्ये 'निहिल नोव्ही', नवीन काही नाही. आणि १५७२ ला यागिएलो घराण्याचा शेवटचा राजा वारस न ठेवता गेला तेव्हा तर कमालच झाली, राजाच निवडून आणायचा ठरला, आणि तोही प्रतिनिधींनी नाही तर प्रत्येक श्लाख्तानं स्वतः हजर राहून. हा आग्रह धरणाऱ्यांत यान झामोय्स्की नावाचा तिशीतला हुशार माणूस पुढे होता (हाच पुढे राज्याचा चॅन्सलर आणि सेनापती झाला, स्वतःचं झामोश्च शहर वसवलं, म्हणजे गरिबांचा कैवारी स्वतः गरीब राहिला नाही). १५७३ ला वॉर्साजवळच्या मैदानात साधारण चाळीस हजार लोक जमले, त्यात माझोव्हियाचे करडे कपडेवाले भरपूर, कारण त्यांना मैदान जवळ होतं. बाकीच्यांना आठवडेच्या आठवडे प्रवास! निवडून आला फ्रान्सचा हेन्री, ज्यानं भाऊ वारल्याची बातमी कळताच १५७४ च्या जूनमध्ये एका रात्री क्राकोवच्या राजवाड्यातून गुपचूप पळ काढला, फ्रान्सची गादी मिळवायला. पण त्याच्या नावानं लिहिलेल्या अटी मात्र मागे राहिल्या आणि पुढच्या प्रत्येक राजाला त्यावर शपथ घ्यावी लागली. दर दोन वर्षांनी सेय्म बोलवायची, संमतीशिवाय युद्ध नाही, धर्मावरून छळ नाही, आणि राजानं शब्द मोडला तर आम्ही त्याचं ऐकायला बांधील नाही. सोळाव्या शतकात हे लिहून घेतलंय, विचार करा.

पण हे स्वातंत्र्य कोणाच्या जिवावर होतं तेही सांगायला पाहिजे, नाहीतर गोष्ट फारच गोंडस वाटेल. याच सेय्मनं १४९६ ला नियम केला की गावातून वर्षाला एकच शेतकरी बाहेर पडू शकतो, शहरातल्या व्यापाऱ्यांना जमीन घ्यायला बंदी, आणि १५२० ला असं ठरलं की कुळानं मालकाच्या शेतावर आठवड्यातून निदान एक दिवस फुकट राबायचं. निदान म्हटलं की पुढे काय होतं ते आपल्याला माहीत आहेच, दोनाचे तीन आणि तिनाचे चार-पाच दिवस झाले. त्या शेतांवर पिकलेली राय (गव्हासारखंच एक धान्य) आणि गहू विस्तुला नदीतून तराफ्यांवरून ग्दान्स्कला जायचा, तिथून डच जहाजांवर, आणि त्या पैशातून मालकाच्या कमरेला रेशमी पट्टे.

आता परत चर्चमध्ये येऊ. सेय्मिक एकाच प्रकारची नसायची. सेय्मच्या आधीची, जिथे प्रतिनिधी निवडायचे आणि त्याच्या हातात लेखी सूचनापत्र द्यायचे, कधी कधी ते भलतं लांबलचक, त्यात एकीकडे तुर्कांशी तह करायचा की नाही आणि दुसरीकडे अमक्याची जप्त झालेली जमीन परत द्या, सगळं एकाच कागदावर. सेय्मनंतरची, जिथे तो परत येऊन हिशेब द्यायचा. न्यायाधीश पाठवण्यासाठीची वेगळी, कारण १५७८ नंतर अपिलाचं वरचं कोर्ट राजाचं राहिलं नव्हतं, तिथले न्यायाधीश दरवर्षी सेय्मिक निवडून पाठवायच्या. स्थानिक कोर्टाची जागा रिकामी झाली तर सेय्मिक चार नावं द्यायची आणि राजानं त्यातलंच एक उचलायचं. राजा मेला आणि नवीन निवडून यायचा असला तर त्या मधल्या काळात कायदा-सुव्यवस्थासुद्धा हेच बघायचे.

आणि पदं! कायद्यानं सगळे सारखे म्हटल्यावर काउंट-ड्यूक वगैरे किताब मिरवायची सोय नाही (काही जुनी राजघराणी सोडली तर), मग मोठेपणाची हौस भागवायची कशी? तर प्रत्येक प्रांताला स्वतःचे मानाचे अधिकारी. स्तोल्निक म्हणजे राजाच्या ताटाची व्यवस्था बघणारा, चेश्निक म्हणजे पेल्याची, मिएच्निक म्हणजे तलवार धरणारा, वोव्ची म्हणजे शिकारीचा. राजा त्या प्रांतात उभ्या जन्मात जेवायला येणार नाही, तरी ताटवाल्याचं पद रिकामं झालं की फिल्डिंग सुरू! पद नावापुरतं, पण ते वाटायचा हक्क राजाचा, म्हणून राजाच्या हातात राहिलेल्या मोजक्या चाव्यांपैकी ही एक होती. ज्याचा बाप स्तोल्निक तो पोरगा आयुष्यभर 'स्तोल्निकोविच' म्हणून ओळखला जायचा, एवढी त्या नावाला किंमत.

गंमत म्हणजे श्लाख्ता कोण याची कुठे सरकारी यादीच नव्हती. शेजारीपाजारी मानतात म्हणून तुम्ही श्लाख्ता. कोणी शंका घेतली तर कोर्टात नातेवाईक साक्षीदार उभे करायचे आणि शपथेवर सांगायचं की हा आमच्यातलाच. मग बनावट लोक घुसणारच की. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला क्राकोवच्या भागात वालेरियान त्रेपका नावाचा एक गृहस्थ होता, त्यानं आयुष्याची कितीतरी वर्षं खर्च करून अशा 'खोट्या' श्लाख्तांची यादी बनवली, बाजारात, कोर्टात, दारूच्या गुत्त्यात कानावर येईल ते टिपून ठेवायचा, कोणाचा बाप खरं तर चांभार होता, कोणाचा आजा दळण दळायचा, असं करत करत सुमारे अडीच हजार घराण्यांची नावं त्यात गेली. गल्लीतल्या चोंबड्या काकांचा हा पोलिश पूर्वज, पण इतिहासाच्या अभ्यासकांना त्याची यादी आज भारी उपयोगी पडते.

तर मग बिघडलं कुठे?

ज्याला सगळे नावं ठेवतात तो लिबेरम व्हेटो आधी घेऊ. एका प्रतिनिधीनं नाही म्हटलं की सेय्मचा सगळा निर्णय रद्द. आज ऐकायला वेडेपणा वाटतो. पण तुम्ही श्रोदाच्या चर्चमधून बघा. प्रतिनिधी हा स्वतःच्या बुद्धीनं मत द्यायला गेलेलाच नाहीये, तो त्याच्या प्रांताचा निरोप्या आहे, सूचनापत्र घेऊन गेलाय, आणि सनदा तर प्रांतागणिक मिळालेल्या (मघाशी म्हटलं होतं ना). मग बाकीच्या सगळ्या प्रांतांनी मिळून आमच्या प्रांताचा हक्क मताधिक्यानं कसा काय काढून घ्यायचा? म्हणून सगळ्यांचं पटेपर्यंत चर्चा करायची. आणि दीडशे वर्षं हे बऱ्यापैकी चाललंसुद्धा, कारण एकट्यानं अडून बसणाऱ्याला बाकीचे समजावायचे, लाजवायचे, प्रसंगी दमात घ्यायचे आणि तो गप्प बसायचा.

१६५२ ला लिथुआनियातल्या उपिताचा प्रतिनिधी व्वादिस्वाव सिचिन्स्की यानं सेय्मची मुदत वाढवायला हरकत घेतली आणि सरळ निघून गेला. समजवायला समोर माणूसच नाही! अध्यक्षानं हरकत ग्राह्य धरली आणि पायंडा पडला. सिचिन्स्की हा यानुश राजिविल या बड्या धनिकाच्या मर्जीतला, त्यामुळे हरकत नक्की कोणाची होती हे कळायला ज्योतिषी नको. पुढे दंतकथा अशी झाली की त्याच्यावर वीज पडली आणि त्याचं प्रेत जमिनीनं स्वीकारलंच नाही, उपिताच्या चर्चमध्ये एक सुकलेलं प्रेत त्याचं म्हणून दाखवायचेसुद्धा.

पण व्हेटो हा ताप होता, रोग आधीच अंगात भिनत होता, आणि तो म्हणजे मधला वर्ग खलास होणं. सोळाव्या शतकात सेय्मिकमध्ये जोर कोणाचा होता? एक-दोन गावांचे मालक असलेल्या, शिकलेल्या, कोणाच्या उपकाराखाली नसलेल्या श्लाख्तांचा. यांनीच बड्या धेंडांनी दाबून ठेवलेल्या राजाच्या जमिनी परत काढा म्हणून १५६० च्या दशकात जोरदार चळवळ केली होती. सतराव्या शतकात १६४८ ला युक्रेनमधल्या कोसाक लढवय्यांचा उठाव, १६५४ ला मॉस्कोचं सैन्य, १६५५ ला स्वीडिश सैन्य, मग रोगराई, गावंच्या गावं जळाली. मोठ्याची दहा गावं जळली तरी नव्वद उरतात, एका गावाचा मालक मात्र कायमचा बसला. त्यानं कर्ज काढलं, जमीन विकली, आणि पोटापाण्यासाठी कुठल्या तरी राजिविल, पोतोत्स्की, लुबोमिरस्कीच्या पदरी चाकरी धरली, त्याच्या जमिनी बघायच्या, त्याचे खटले चालवायचे. कागदावर अजून बरोबरीचा भाऊ, पण सेय्मिकला मत कोणाला देणार? ज्याची भाकरी खातो त्याला.

म्हणजे बरोबरीच उलटली. सगळ्यांच्या मताला सारखी किंमत म्हणून तर ती मतं गोळा करायला लागायची ना! सेय्मिकच्या आधी गाड्या भरभरून करडे कपडेवाले आणायचे, दोन दिवस बिअर-व्होडका-जेवण, आणि चर्चमध्ये कोणाच्या बाजूनं ओरडायचं ते सांगून ठेवायचं. समोरच्यानेही तेच केलेलं असलं तर मग तलवारी. अठराव्या शतकातला कारोल राजिविल, ज्याला बोलता बोलता सारखं 'पान्ये कोहान्कु' म्हणजे 'अहो प्रिय साहेब' म्हणायची सवय होती म्हणून त्याचं तेच टोपणनाव पडलं, तो तर अशा गरीब श्लाख्तांची स्वतःची टोळीच बाळगून होता. (थापा मारण्यातही तो एक नंबर, त्याच्या थापांच्या गोष्टी लोक अजून सांगतात.)

तरी सगळा दोष माथी मारताना एक गोष्ट सुटू नये. याच काळात केंद्र कोलमडलेलं असताना देश चालवला तोही सेय्मिकनीच. सेय्ममध्ये कर मंजूर करायची वेळ आली की कितीतरी प्रतिनिधी म्हणायचे, 'हे मी भावांकडे घेऊन जातो', म्हणजे माझ्या सेय्मिकला विचारतो. मग सेय्मिक ठरवणार की माणशी कर लावायचा की दारूवरचा, वसूल कोण करणार, त्यातून स्वतःच्या प्रांताचे शिपाई किती ठेवायचे. स्वतःची तिजोरी, स्वतःचे वसुली अधिकारी, स्वतःचे सैनिक. पोलिश इतिहासकारांनी या काळाला 'सेय्मिकांचं राज्य' असंच नाव दिलंय. तोटा उघड आहे, प्रत्येक जण आपापलं अंगण झाडतोय आणि राजाच्या सैन्याचा पगार थकलाय, सैनिक बंड करतायत. पण तेच नसतं तर काहीच नसतं.

दोन्ही बाजू एकाच ठिकाणी बघायच्या तर १६५५ बघा. जुलैत स्वीडिश फौज घुसली, उय्श्च्येजवळ विएल्कोपोल्स्काचे हेच श्रोदावाले श्लाख्ता जमले होते, आणि थोडी चकमक होते न होते तोच पोझनानचा सुभेदार क्शिश्तोफ ओपालिन्स्की यानं २५ जुलैला शरणागतीवर सही करून आख्खा प्रांत स्वीडिश राजाच्या संरक्षणाखाली दिला. राजाला न विचारता, प्रांतानं परस्पर! आणि हा ओपालिन्स्की तोच, ज्यानं पाचच वर्षांपूर्वी श्लाख्तांच्या बेजबाबदारपणावर झणझणीत उपहासात्मक कविता छापल्या होत्या. पण ऑक्टोबर उजाडेपर्यंत त्याच प्रांतातल्या क्शिश्तोफ झेगोत्स्कीनं माणसं जमवून कोश्चान गाव स्वीडिशांकडून परत घेतलं, तेही वरून कुठला हुकूम येण्याची वाट न बघता. शरण जातानाही स्वतःच्या मर्जीनं आणि उलटतानाही.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते उताराचं आहे. १ फेब्रुवारी १७१७ ला रशियाचा झार पीटर याच्या मध्यस्थीखाली एकदिवसीय सेय्म झाली, व्हेटोच्या भीतीनं कोणाला बोलूच दिलं नाही म्हणून तिचं नाव 'मुकी सेय्म'. तिनं सेय्मिकांचे कराचे अधिकार कापले आणि सैन्याला २४,००० ची मर्यादा घातली. शेजारच्या देशांची सैन्यं याच्या कितीतरी पट! राजा ऑगस्ट तिसरा याच्या तीस वर्षांत, १७३३ ते १७६३, एकच सेय्म शेवटपर्यंत पोचली. बाकीच्या मोडल्या, आणि त्या मोडायला पैसे प्रशिया-फ्रान्स-रशियाच्या वकिलातीतून यायचे. १७७३ ला पहिल्या फाळणीला (रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं देशाचे लचके वाटून घेतले ती) सेय्मकडून मान्यता घ्यायचं चाललं होतं तेव्हा नोवोग्रुदेकचा प्रतिनिधी तादेउश रेय्तान दारात आडवा पडला, माझ्या अंगावरून जा म्हणाला. सूचनापत्र घेऊन आलेल्या निरोप्याचं हेही एक रूप.

शेवटी सुधारणा झाली, पण ती कशी तर बघा. २४ मार्च १७९१ चा सेय्मिकांचा कायदा, ज्याच्याकडे जमीन नाही त्याला मत नाही. दहा-बारा पिढ्यांची 'भाऊराया' बरोबरी एका कायद्यात संपली. हेतू उघड होता, गाडीत भरून आणलेली मतंच बंद झाली की राजिविल-पोतोत्स्कींची दुकानदारी बंद. मला विचाराल तर त्या परिस्थितीत हे बरोबरच होतं, पण शिक्षा मत विकत घेणाऱ्याला न होता विकणाऱ्या गरिबाला झाली हेही खरंच. सहा आठवड्यांत ३ मेचं प्रसिद्ध संविधान आलं, त्यात लिबेरम व्हेटो गेला, मताधिक्य आलं. आणि फेब्रुवारी १७९२ मध्ये देशभरच्या सेय्मिक भरल्या, तेव्हा बहुतेकींनी या संविधानाला पाठिंबा दिला, कित्येक ठिकाणी शपथ घेऊन. ज्या चर्चांमध्ये शंभर वर्षं बोली लागत होती तिथेच! काही महिन्यांत रशियन फौजा आल्या, आणि १७९५ ला देशच नकाशावरून पुसला गेला.

करड्या कपड्यांतल्या लोकांचं काय झालं? नवीन मालकांना यादी हवी होती. रशियन सरकार म्हणालं कागद दाखवा, आणि ह्यांच्याकडे कागद कुठला, शेजारचा साक्ष देईल एवढीच त्यांची सनद. रशियाविरुद्धचा १८३१ चा उठाव चिरडल्यावर पूर्वेकडच्या प्रांतांत हुकूम निघाला, ज्यांना सिद्ध करता येत नाही त्यांना श्लाख्ता मानायचं नाही, खेड्यातल्यांना 'ओद्नोद्वोर्त्सी' नावाच्या कर भरणाऱ्या वेगळ्या वर्गात टाका आणि सैन्यातही भरती करा. हजारो घरांतले लोक मग जुन्या कोर्टांच्या दप्तरांत धूळ उपसत बसले, पणज्याच्या पणज्यानं कधी कुठल्या सेय्मिकला सही केली होती का ते शोधत.